तिसऱ्या गिअरची हाळी

स्वयंपाकघरात वाटी पडली. नुसती पडली नाही. फरशीवर काठावर उभी राहून गरगरली, गरगरता गरगरता तिचा आवाज बारीक होत गेला आणि शेवटी टण्ण करून निजली. त्यानंतर घरात जी शांतता पसरली ती आधीच्या शांततेपेक्षा वाईट होती. आता तिच्यात तीन माणसं श्वास रोखून उभी होती.

"पडली का वाटी?" ओसरीवरून आबा कुजबुजले. माझे सासरे आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेले, त्यामुळं त्यांची कुजबूज दोन शेतं पलीकडं ऐकू जाते.

"पडली न्हाई, निसटली," सासूबाई आतून कुजबुजल्या.

"ती वाचतीय तिकडं."

"म्हाईत हाय मला. तुमीच बोलताय."

"मी कुठं बोलतुय? मी इचारतुय."

सकाळपासून घरात हे असं चाललं होतं. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, कुकरला दुसरी शिट्टी होऊ दिली नव्हती, म्हणून डाळ कच्ची होती. पाच वर्षांची माझी म्हाळू, नाव म्हाळसा, चवड्यांवर चालत होती आणि दर दोन मिनिटांनी खोलीच्या दारातून डोकं घालून विचारत होती, "आई, मी आवाज नाही ना केला?"

त्या दिवशी माझा बी.ए.चा शेवटचा पेपर होता. इतिहास. मुक्त विद्यापीठ, केंद्र दौंडला, साडेदहाला फाटक बंद. या पेपरला मी तिसऱ्यांदा बसणार होते, आणि आधीच्या दोन वेळा बसलेच नव्हते. पहिल्यांदा म्हाळूला कांजिण्या आल्या. दुसऱ्यांदा आत्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. आता माझ्या नोंदणीची वर्षं संपत आली होती. हा पेपर हुकला की पुन्हा पहिल्या वर्षापासून. म्हाळू पहिलीत जाणार आणि मीही पहिल्या वर्षात, दोघींना एकच कंपासपेटी घ्यावी लागली असती.

पुस्तकात मी इनामगावचं पान उघडून बसले होते. इनामगाव आमच्या न्हावऱ्याच्या शेजारचं. माझी चुलत नणंद तिथं दिलीय. तिथं तीन हजार वर्षांपूर्वी वस्ती होती हे मला पुस्तकातून कळलं, नणंदेनं कधी विषय काढला नाही. मी एकदा आबांना वाचून दाखवलं होतं, की तिथं खोदताना मेंढरांची हाडंसुद्धा सापडली. आबा जराही चकित झाले नव्हते. "आसंल आमच्यातलंच कोनीतरी," म्हणाले.

पावणेआठला फोन वाजला. रविराजचा. नवरा सणसवाडीच्या कंपनीत आहे, रात्रपाळी सुटली की मोटरसायकलवर येऊन मला दौंडला सोडणार होता.

"हर्षदा, पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला नाही. मशिन सोडून निघता येत नाही."

"किती वाजेपर्यंत?"

त्याच्या मागं मशिन धाडधाड करत होतं.

"अहो, किती वाजेपर्यंत?"

"अकरा."

मी फोन ठेवला. दौंडची एसटी साडेसातला जाते आणि त्या दिवशीही वेळेवर गेली होती. मी पुस्तक मिटलं.

"टेम्पो हाय की," आबा म्हणाले. कुजबूज सोडून सरळ म्हणाले.

टेम्पो होता, खरं. पण चालवणार कोण? आबांच्या डोळ्यांतल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. मोठा काळा चष्मा, धूळ नको, वाकायचं नाही, जड ढकलायचं नाही, दर दोन तासांनी थेंब. उरले मी. माझं लायसन तीन महिन्यांचं. शिरूरच्या क्लासमध्ये एकवीस दिवस शिकले होते. तिथले सर म्हणायचे, "मॅडम, क्लच म्हणजे देव. आधी देवाला नमस्कार, मग गिअरला हात." मी एवढ्या भक्तिभावानं नमस्कार करायची की माझी पोटरी सुजली होती. त्यानंतर टेम्पो नेला तो फक्त दूध डेअरीपर्यंत. अर्धा किलोमीटर, तोही दुसऱ्या गिअरात.

"तुजं डोळं, माजं कान," आबा पटका बांधत म्हणाले. "चल."

"आन् थेंब कोन घालनार?" आत्यांनी विचारलं.

थेंब म्हाळू घालायची. घरात तिच्याशिवाय कुणाचा हात थरथरल्याशिवाय राहत नसे, म्हणून डॉक्टरकी तिच्याकडं होती. ती बाटली घेऊन आधीच टेम्पोत चढून बसली होती, मधोमध.

सव्वाआठला निघालो. आत्यांनी माझ्या हातावर दही ठेवलं. "सावकाश जा, पर लवकर पोच," त्या म्हणाल्या. मला ते तेव्हा चुकीचं वाटलं नाही.

पारगावच्या पुलापर्यंत सगळं छान झालं. भीमेचं पाणी मे महिन्यातलं, मधे मधे दगड दिसणारं. पुलावरून उतरल्यावर एक गतिरोधक आला. मी देवाला नमस्कार करायला डावा पाय दाबला, आणि टक् झालं. पाय जो खाली गेला तो थेट फळीला टेकला. पेडल वर येईना. टेम्पोनं दोन आचके दिले आणि बंद पडला.

"आबा, क्लच गेला."

"कुठं गेला?"

"खाली. दाबला तो वर येतच नाही."

आबांनी मान तिरपी केली, जणू बंद गाडीचंही त्यांना काही ऐकू येत होतं. मग त्यांच्या काळ्या चष्म्याखाली मिशी पसरली.

"वायर तुटली. ब्येस झालं."

"बेस?"

"आता तुला गाडी चालवाया यील."

हे घरातलं जुनं भांडण आहे, ते सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी मेंढरं विकून अंगणात टेम्पो आला, तेव्हा आबा पन्नाशीच्या पुढं होते. त्यांचा डावा गुडघा आधीच गेलेला. क्लच दाबला की कळ यायची, म्हणून त्यांनी तो दाबणंच सोडलं. क्लच न दाबताच गिअर टाकायचे, आणि टाकताना मेंढरांना देतात तसली हाळी द्यायचे. रविराज कपाळावर हात मारून घ्यायचा. "आबा, गिअरबॉक्सचा भुगा होईल." आबा म्हणायचे, "नरड्यावर पाय देऊन कुनाला चाल म्हनू नये." बारा वर्षांत भुगा झाला नाही, हे रविराजचं खरं दुःख.

"नीट आयक," आबा म्हणाले. "पळत्या मेंढराला धरून वळवाया गेलं की त्ये तंगडी मोडून घेतंय. त्येच्या संगं चार पावलं पळायचं. त्येचा पाय आन् आपला पाय एका तालात आला, की नुसतं गुडघ्यानं ढोसायचं. वळतंय. गिअरचं तसंच. रेस सोड, दांडी मोकळी कर, इंजान खाली यीऊ दे. मी हाळी दीन. इंजानाचा आवाज माज्या आवाजाला भिडला, की सरकीव. दाबायचं न्हाई. सरकवायचं."

"आणि नाही भिडला तर?"

"वरडतंय."

"कोण?"

"गिअरबॉक्स. मग मी."

"आणि थांबायची वेळ आली तर?"

"तर पयल्या गिअरात ठिवून सेल्फ मारायचा. उडी मारून निघंल. पर बॅटरी म्हातारी हाय. तीनदा उठंल. चवथ्यांदा इचारू नगं."

मी घड्याळ पाहिलं. पावणेनऊ. दौंड अजून एक्केचाळीस किलोमीटर. पहिला गिअर टाकला, म्हाळूला म्हटलं घट्ट धर, आणि किल्ली फिरवली. टेम्पो बेडकासारखा उडाला, सेल्फ रडला, इंजिन पेटलं आणि आम्ही चालू लागलो.

"एक," म्हाळू म्हणाली.

"आता दुसरा. रेस सोड," आबा म्हणाले, आणि खिडकीबाहेर तोंड काढून त्यांनी हाळी दिली. "हेऽऽहेऽऽ."

घर्रर्र खट्टॅक! दात करकरले माझे. टेम्पोचेही.

"दाबलंस."

"नाही दाबलं."

"मग ती काय गुदगुल्यानं वरडली?"

पुन्हा. रेस सोडली, दांडी मोकळी केली. "हेऽऽहेऽऽ." इंजिनाचा आवाज उतरत उतरत आबांच्या आवाजाजवळ आला, मी हात पुढं नेला, आणि दांडी सरकली. कशी सरकली म्हणू? कासाराकडं बांगड्या भरताना आपण हात ताठ धरतो आणि तो म्हणतो, सोडा, सैल सोडा. मग बोलता बोलता एका क्षणी बांगडी पलीकडं गेलेली असते. तशी. मला वाटलं हे कुणालातरी सांगावं, पण शेजारी होते ते दोघंही माझ्याकडं न बघता पुढं बघत होते. एकाला दिसत नव्हतं आणि एकीची उंची पुरत नव्हती.

तिसऱ्या गिअरची हाळी वेगळी. "ईऽऽयोऽऽ." लांब, शेवटी वळण घेणारी. चौथ्याला हाळीच नाही.

"चवथ्यात गप बसायचं," आबा म्हणाले. "चवथ्यात मेंढरं चरत्यात."

चौथ्यात आम्ही गप बसलो. दोन्ही बाजूंना ऊस तुटून गेलेली रानं, कांदा साठवलेल्या ऐरणी, पत्र्याखाली बांधलेल्या गाई. मी मनात इतिहास म्हणून पाहिला. एकही सन आठवेना, पण तिसरा गिअर कुठं आहे हे हाताला पाठ झालं होतं.

"आबा, इनामगावच्या लोकांकडं गाडी होती का?" म्हाळूनं विचारलं.

"गाडी न्हवती. पर क्लच बी न्हवता. त्येंचं आडलं का?"

केडगावच्या अलीकडं पुढं कांद्याची ट्रॉली आली. तिला ओलांडता येईना, रस्ता अरुंद. चौथ्यातून तिसऱ्यात यायला हवं होतं. खाली येताना उलटं करायचं, हे आबांनी सांगितलं होतं: दांडी मोकळी करून थोडी रेस द्यायची, म्हणजे इंजिन वर चढून आवाजाला भेटतं.

"आबा, तिसरा."

आबांनी छाती भरून घेतली आणि खिडकीबाहेर पूर्ण डोकं काढून हाळी दिली. "ईऽऽऽयोऽऽऽ!"

गिअर असा पडला की मला हसू आलं. आणि त्याच वेळी डावीकडच्या रानात, जिथं मला आधी नुसते काळे-पांढरे दगड दिसले होते, त्या सगळ्या दगडांनी माना वर केल्या.

"आबा, मेंढरं."

"व्हय. मेंढरावानीच आसतंय त्ये."

"नाही आबा, खरी मेंढरं."

"कुठं?"

"आता सगळीकडं."

दोनशे तरी असतील. बांध ओलांडून, पाण्याची चारी ओलांडून, एकमेकांच्या पाठीवर चढत ती रस्त्यावर आली आणि टेम्पोला वेढा घालून उभी राहिली. मी ब्रेक मारला. इंजिन बंद पडलं. कांद्याची ट्रॉली आरामात पुढं निघून गेली. बें बें सुरू झालं आणि लोकर, घाम, लेंड्या असा दरवळ आत आला. आबांनी तो नाक भरून घेतला.

"कोन हाय रं त्यो मुडदा? माजी मेंढरं कोन बोलवतंय?" रानातून एक बाई काठी परजत धावत आली. डोईवरचा पदर कमरेला खोचलेला, मागं दोन कुत्री. गिताबाई तिचं नाव, ते नंतर कळलं; आधी बराच वेळ शिव्याच होत्या.

"आवो बाई, मी मेंढरं न्हाई बोलीवली," आबा खिडकीतून म्हणाले. "मी तिसरा गिअर बोलीवला."

बाईनं काळ्या चष्म्यातल्या त्या पटकेवाल्या माणसाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या इतिहासाच्या पुस्तकाकडं.

"ह्येस्नी कुठं घिऊन चाललीस गं? दवाखान्यात?"

"नाही मावशी. मी परीक्षेला चाललेय."

यानं तिचा गोंधळ काही कमी झाला नाही. तोवर आबांनी हात खिडकीबाहेर सोडला होता. एक मेंढी तो हुंगत होती. आबांची बोटं तिच्या कानामागं गेली, मग नाकावरून खाली.

"माडग्याळच्या जातीची हाय."

"व्हय," गिताबाई जरा थबकली. "डोळं झाकून मेंढरू वळखताय, आन् हाळी कुठं द्यावी त्ये कळंना?"

"हाळी बाची हाय माज्या. तुमच्या मेंढरास्नी कशी कळली?"

"आमच्यात बी हीच," ती म्हणाली. काठी खाली आली. "कुठलं म्हनायचं तुमी?"

मला धोका दिसला. एकदा कुठलं म्हणायचं सुरू झालं, की मग सोयरे निघणार, मग चारणीच्या वाटा, मग कुठल्या साली कुठल्या रानात मेंढरांचा वाडा बसवला होता ते निघणार. "आबा," मी म्हटलं, "सव्वानऊ."

"निगाया पायजे," आबा म्हणाले, पण हात मेंढीवरून निघाला नव्हता.

निघायचं कसं? आबांनी पहिल्या गिअरची हाळी दिली, "हुर्रर्र," म्हणजे मेंढरांना उठा, पुढं चला. मेंढरं आज्ञाधारक. ती वळली आणि पुढं चालू लागली. टेम्पोच्या पुढं. दौंडच्या दिशेनं. दोनशेच्या दोनशे.

"गप बसा!" गिताबाई ओरडली. "तुमी आता त्वांडच उघडू नगा. मी वळीवती. तुमी गप ऱ्हायलात तरच माजं आयकतील."

"मग गिअर?" आबांनी विचारलं.

"कसला गिअर?"

आबांनी चष्म्यातून माझ्याकडं तोंड केलं. त्यांना मी धुक्यातल्या झाडासारखी दिसत असणार. मग त्यांनी पटक्याचं सुटं टोक घेतलं, त्याचा गोळा केला आणि तोंडात घातला. म्हाळूनं आपला छोटा हात वरून त्यांच्या मिशीवर ठेवला, पहारा म्हणून.

गिताबाईनं कुत्र्यांना शीळ घातली. मेंढरं एका बाजूनं ओसरू लागली, रस्त्यावर एक फट तयार झाली. मी किल्ली फिरवली. उडी. "दोन," म्हाळू म्हणाली. पहिल्यात चाललो. इंजिन किंचाळायला लागलं. आता दुसरा. रेस सोडली, दांडी मोकळी केली, आणि हाळीची वाट पाहत बसले. हाळी येणार नव्हती. आबांचे गाल पटक्यानं फुगले होते. इंजिन उतरून उतरून पार बसलं आणि मी घाईनं दांडी ढकलली. खर्रर्र. एका मेंढीनं वळून माझ्याकडं पाहिलं. मला खरंच लाज वाटली.

पुन्हा रेस दिली, पुन्हा सोडली. आणि मला, कुठून कोण जाणे, सकाळची वाटी ऐकू आली. ती गरगरत होती तेव्हा आत्या, आबा, म्हाळू, मी, चौघंही न सांगता ऐकत होतो आणि ती कधी निजणार हे चौघांनाही अर्धा क्षण आधी कळलं होतं. कुणी शिकवलं होतं? मी दांडीवरची मूठ सैल केली. ऐकत राहिले. आता... नाही... आता. दुसरा गेला. मी श्वास सोडायच्या आत तिसरा.

मेंढरं मागं पडली. आरशात गिताबाई काठी उंचावून काहीतरी म्हणत होती. शिवी होती की निरोप, ते या वेगात कळलं नाही. मी चौथा टाकला.

आबांनी पटका तोंडातून काढला, लोकरीचे दोन धागे थुंकले. "सोड आता दुसऱ्यातनं. तिसऱ्याची हाळी देतो."

"आबा, आपण चौथ्यात आहोत."

ते थोडा वेळ ऐकत राहिले.

"तिसरा कवा टाकलास?"

"मघाशीच."

"मला कळला न्हाई," आबा म्हणाले.

यापेक्षा मोठं कौतुक त्यांनी आजवर कुणाचं केलेलं मला माहीत नाही. पण कौतुक करून ते खिडकीकडं वळले आणि पाटसपर्यंत हिरमुसलेल्या पोरासारखे बसून राहिले. चौफुल्याला मोठा रस्ता ओलांडायला थांबावं लागलं, सेल्फ तिसऱ्यांदा मारला ("तीन," म्हाळू म्हणाली, "संपले"), तिथून पुढं मी मुद्दाम दोनदा म्हटलं, "आबा, हाळी द्या ना, मला जमत नाही." ते म्हणाले, "जमतंय तुला." खोटं बोलायला मी कधीच शिकले नाही, बी.ए.त तो विषयही नव्हता.

दौंडात शिरलो तेव्हा दहा वाजून बावीस मिनिटं. कॉलेजच्या रस्त्याला रिक्षा, सायकली, बायकांना सोडायला आलेले नवरे. मी दुसऱ्यात रांगत होते आणि कुणी आडवं येऊ नये म्हणून सगळ्या देवांना, क्लच सोडून, हात जोडत होते. समोर फाटक दिसलं. फाटकावरचे काका एक दार आधीच लावून दुसऱ्याला हात घालत होते. त्यांनी मला पाहून हात वर केला: थांबा, गाड्या बाहेर. आबांनी शिकवलं होतं की थांबायच्या आधी दांडी मोकळी करायची. मी सरळ ब्रेक दाबला. टेम्पोनं एक शेवटची उडी मारली आणि बरोबर फाटकाच्या मधोमध, अर्धा आत अर्धा बाहेर, बंद पडला. किल्ली फिरवली. टिक्. एवढंच.

दहा पंचवीस.

"मॅडम, गाडी काढा. फाटक लावायचंय."

"काका, निघत नाही."

"मग ढकला."

"माझा पेपर आहे."

"मग ह्यांना सांगा ढकलायला."

"मला दिसत न्हाई," आबा म्हणाले.

"आणि त्यांना जड ढकलायचं नाही," म्हाळू गरजली. "आणि वाकायचं नाही. आणि आता थेंबांची वेळ झालीय!" तिनं बाटलीचं टोपण उघडलं. आबांनी तिथंच, फाटकात, आज्ञाधारकपणे मान मागं टाकली. काकांनी आयुष्यात बरेच उशिरा आलेले परीक्षार्थी पाहिले असतील, पण डोळ्यांत औषध घालून घेणाऱ्या माणसाला ढकलायचं कसं, हे त्यांना सुचलं नाही. आम्हाला हॉर्न देणारी दोन पोरं आणि पोटुशी असलेली एक बाई टेम्पोच्या कडेनं अंग चोरून आत पळाली. फाटक अजूनही लागत नव्हतं.

"जा तू," आबा डोळे मिटून म्हणाले. गालांवरून औषध ओघळत होतं, औषधच असावं. "आमी दोगं हाय हितं. फाटक धरून ठिवतो."

मी पळाले.

पेपरात इनामगावावर टीप आली. पाच गुण. घरं, धान्याच्या कणग्या, मातीची भांडी, मेंढरांची हाडं, सगळं लिहिलं. शेवटी दोन ओळी उरल्या होत्या. त्या मेंढरांना हाक मारणारं कुणीतरी होतंच की, ते लिहावं असं वाटलं. पण हाक उकरून सापडत नाही, आणि पुस्तकात नव्हतं, म्हणून सोडून दिलं. पेन खाली ठेवलं तेव्हा डाव्या पोटरीला एक कळही नव्हती. दांडीवरचा डावा तळहात मात्र सोललेला.

बाहेर आले तर टेम्पो लिंबाखाली उभा. चार पोरांनी ढकलून नेलेला. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं नवी वायर घातली होती, बॅटरीला जीव दिला होता. आबा आणि म्हाळू भेळ खात होते. काका त्यांच्या शेजारी बसून मेंढरांची हकीगत ऐकत होते, बहुतेक दुसऱ्यांदा.

"कसा गेला?" आबांनी विचारलं.

"सरकला," मी म्हटलं.

ते हसले. आम्ही गाडीत बसलो. मी क्लच दाबला, पहिला टाकला. क्लच दाबला, दुसरा टाकला. लोण्यासारखा. आवाज नाही, उडी नाही, कुणाची गरज नाही. पाटस गेलं. चौफुला गेला. आबांनी हात खिडकीबाहेर सोडला होता आणि मधूनच बोटं नाकाजवळ नेत होते. सकाळच्या मेंढीचा वास अजून हाताला होता की काय.

केडगाव मागं पडलं आणि ते रान आलं. मेंढरं नव्हती, लेंड्या होत्या. पुढं रस्ता मोकळा होता, गिअर बदलायची तशी काहीच गरज नव्हती. मी क्लच दाबून उगाच दुसऱ्यात आले, मग डावा पाय मागं घेतला, सीटखाली ठेवला. रेस सोडली. दांडी मोकळी केली आणि थांबले.

इंजिन उतरायला लागलं. आबांनी मान तिरपी केली. त्यांना कळलं. क्षणभर वाटलं, नाही देणार. मग त्यांनी पटका मागं सारला, डोकं बाहेर काढलं, आणि रिकाम्या रानावर हाळी गेली. "ईऽऽऽयोऽऽऽ."

मी दांडी सरकवली.

म्हाळू आमच्या दोघांच्या मधून एकदा आबांकडं, एकदा माझ्याकडं बघत होती.

"आई," ती म्हणाली, "आबा हाळी कुणाला देतात? गाडीला, मेंढरांना, का तुला?"